काचवाल्याचा मुलगा

मेकअपवाल्याने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर उचलली तेव्हा आरशाच्या वर टांगलेल्या टीव्हीत उमेदवार बोलत होता. आवाज बंद होता. आवाजाची गरजही नव्हती; पाढे म्हणणाऱ्या पोराचे ओठ बघून मास्तरांना कळावं तसं त्याला उमेदवार कुठल्या शब्दावर आहे ते कळत होतं. उमेदवार हा त्याचा शब्द. तो माणूस दोनदा निवडून आला होता, मंत्री होता, त्याच्या गाडीपुढे दुसरी गाडी पळत होती; पण ज्याने त्याला उभं राहायला, पाणी प्यायला आणि गप्प बसायला शिकवलं त्याच्या डोक्यात तो उमेदवारच राहिला होता. माझे वडील काचा बसवायचे, ओठ म्हणाले. उजवा हात खांद्यापर्यंत गेला, तिथे नसलेल्या काचेचं ओझं तोलून खाली आला. सगळ्या शहराच्या खिडक्यांना त्यांनी काचा लावल्या. आता थांबणार, त्याने मनात म्हटलं, आणि उमेदवार थांबला. आमच्या खिडकीला मात्र पुठ्ठा होता. टाळ्या. यानंतर रोजगारावर यायचं. पण ओठ रोजगारावर आले नाहीत. उमेदवाराने मान किंचित खाली घातली, समोरच्या हवेवर फुंकर मारली आणि तर्जनीने त्या हवेवर काहीतरी लिहिलं.

“आवाज वाढव,” तो म्हणाला.

“हलू नका साहेब, डोळ्यात जाईल,” मेकअपवाला म्हणाला, पण रिमोट त्याने दाबला. “हे नवीन घातलंय त्यांनी. काल माझ्या बायकोनं परत परत लावून ऐकलं. रडली. माझा बाप गेला तेव्हा नव्हती रडली.”

“काच कापायच्या आधी ते तिच्यावर फुंकर मारायचे,” उमेदवार सांगत होता, “आणि त्या वाफेत बोटानं माझं नाव लिहायचे. नाव विरेपर्यंत थांबायचे. मगच हत्यार लावायचे.”

वाक्य चांगलं होतं. जुन्या सवयीने आधी तेवढंच त्याच्या लक्षात आलं: छोटी क्रियापदं, मध्ये विरणारं नाव, शेवटी हत्यार. मग मानेभोवती खोचलेल्या कागदी रुमालाखाली घाम फुटला. हे त्याने लिहिलेलं नव्हतं. पण ते ऐकताना त्याच्या स्वतःच्या तर्जनीला गारवा लागला होता, वाफ बसलेल्या काचेचा, जरासा चिकट, आणि पाठीमागून कुणाचा तरी ऊन श्वास कानाला लागून गेला होता. म्हणजे हे झालं होतं. बाबा असं करायचे, आणि कधीतरी दमलेल्या क्षणी त्याने ते उमेदवाराला सांगून टाकलं होतं. किंवा झालंच नव्हतं. उमेदवाराने ते रचलं, आणि ते इतकं बेमालूम बसलं की त्याच्या बोटालाही फसवून गेलं. दोन्हींपैकी काय, ते त्याला ठरवता येईना. काचा त्याच्या बाबांनी बसवल्या होत्या. गोणपाटाची घडी त्याच्या बाबांच्या खांद्यावर होती. आणि आरशातला अर्धा रंगवलेला माणूस स्वतःच्या बापाची खात्री करून घ्यायला एका मंत्र्याच्या तोंडाकडे बघत बसला होता.

बाबांची गोष्ट दिली तेव्हा तो उमेदवाराचा सल्लागार होता आणि उमेदवाराला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. बंद पडलेल्या शिवणवर्गाच्या जागेत त्यांचं कार्यालय होतं. भिंतींवर कापडाच्या नमुन्यांचे चौकोन अजून फिकट उमटलेले होते. तिथे तालमी चालत. तालीम म्हणजे सल्लागाराने शत्रू व्हायचं. टेबलाच्या पलीकडे बसून विरोधकांच्या, वार्ताहरांच्या, सभेतल्या भांडकुदळ म्हाताऱ्याच्या तोंडचे प्रश्न विचारायचे, उमेदवार चिडेपर्यंत, आणि मग चिडेनासा होईपर्यंत. धंद्यातले बाकीचे हे काम हाताखालच्यांवर सोपवत. तो स्वतः करायचा, आणि इतकं मन लावून करायचा की उमेदवार त्याला मास्तर म्हणू लागला. “मास्तर, तू नक्की माझ्या बाजूचा आहेस ना?” असं तालमीनंतर पाणी पिताना विचारायचा. हळूहळू सगळ्या प्रश्नांची उत्तरं बसली, एक सोडून. तुमचे वडील काय करायचे? उमेदवार तान्हा असताना बाप परक्या शहरात जाऊन मेला होता. पोर मामाकडे वाढलं. फोटो नाही, कुणी आठवण सांगणारं नाही. “मला माहीत नाही,” असं उमेदवार म्हणायचा, आणि चुकून दुसऱ्याच्या पंगतीत बसलेल्या माणसासारखा दिसायचा. मतदाराला बाप लागतो. रिकाम्या जागेला कुणी मत देत नाही. एका दुपारी सल्लागाराने दाखला म्हणून, अगदी सहज, स्वतःच्या बाबांचं सांगितलं. मोठी तावदानं पाठीवर घेऊन बाबा वाऱ्याच्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने चालत, कारण काच शिडासारखी वारा धरते आणि माणसाला रस्त्यात नेऊन आदळते. घराघरांत जाऊन ते आधी खिडकीतून बाहेर बघत, मग खिडकीकडे. उमेदवार ऐकता ऐकता रडायला लागला. ते नाटक नव्हतं. नाटक तर त्याला अजून शिकवायचं होतं. “हे मला दे,” तो म्हणाला. “माझ्याकडे काहीच नाही रे.” आणि त्याने दिलं. शर्ट अंगावरून काढून द्यावा तसं दिलं, देताना थोडा गर्वही वाटला. पुठ्ठा त्याने नंतर पदरचा वर घातला. हात धंद्याला सरावला की शिवण घातल्याशिवाय कापड सोडत नाही.

दुसऱ्या निवडणुकीनंतर पत्रकार परिषद होती. एका तरुण वार्ताहर बाईने विचारलं, तुमची भाषणं सल्लागार लिहितात म्हणे, खरं का? तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता. उमेदवाराने त्याच्याकडे बघितलं. बघितलं, हे नक्की. कितीही वेळा तो क्षण उलटसुलट करून पाहिला तरी ती नजर तिथे होतीच. मग उमेदवार हसून म्हणाला, “माझ्या बापाची गोष्ट सांगायला मला सल्लागार लागत नाही.” सगळे हसले. तोही हसला, हसलं नाही तर कॅमेरा शोधत येतो हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. पुढे काही दिवसांतच मंत्र्यांच्या कार्यालयाच्या दाराला त्याचं ओळखपत्र चालेनासं झालं. “वरून सांगितलंय,” पहारेकरी अदबीने म्हणाला. वर कोण, तर ज्याला त्याने धक्के देऊन जिना चढवला होता तो. त्याबद्दल त्याला फारसं काही वाटलं नाही. कामावरून काढणं हे कामाचाच भाग. पण ते वाक्य. ते वाक्य त्याच्या दाढेत अडकलं आणि तिथेच राहिलं, सकाळी दात घासताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, बायको काहीतरी सांगत असताना. माझ्या बापाची.

मग वाहिन्यांनी त्याला उचललं. हाकललेला सल्लागार म्हणजे वाहिन्यांचा लाडका पाहुणा: घरातलं सगळं जाणतो आणि घरात नसतो. नावाखाली पट्टी यायला लागली, राजकीय विश्लेषक. आधी दर काही दिवसांनी, पुढे रोज संध्याकाळी. तो थंड बोलायचा. कुठल्या जागा पडतील, कोण फुटेल, कुणाची नाराजी खरी आणि कुणाची भाव वाढवायला. उमेदवाराबद्दल त्याने कधी वावगा शब्द काढला नाही. त्याच्या चुकीला चूक म्हटलं, यशाला यश म्हटलं, आणि लोक त्याला तटस्थ म्हणायला लागले. रस्त्यात अनोळखी माणसं हात मिळवून म्हणत, तुम्ही कुणाची बाजू घेत नाही ते आवडतं. तो मान झुकवायचा. ज्याला एकच घाव घालायचा आहे त्याने कुऱ्हाड झुडपांवर बोथट करू नये. आज तो घाव घालायचा होता, कारण आज उमेदवार स्वतः स्टुडिओत येणार होता, त्याच्या समोरच्या खुर्चीत.

मेकअपवाला हात धुवायला गेला तसा त्याने ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून मोठी. बाबांच्या मागोमाग पिशवी धरून ती हिंडली होती, तो नव्हे. ती त्याच्याशी बोलायची थांबली ती त्या पुठ्ठ्यावरून. “आपल्या खिडकीला पुठ्ठा कधी होता रे?” तिने तेव्हा विचारलं होतं. “बाबा उरलेले तुकडे आणून जोडायचे. हिरवा, पिवळा, नक्षीचा. माणसं थांबून बघायची आपली खिडकी. तिथे तू पुठ्ठा मारलास?” ताई, भाषण आहे ते, असं तो म्हणाला तर म्हणाली, “मग तुझा बाप घाल त्यात. माझा कशाला घातलास?” गंमत म्हणजे तेव्हा त्यालाही ती रंगीत खिडकी लख्ख दिसत होती. आता डोळे मिटले की पुठ्ठाच दिसायचा, दमट होऊन फुगलेला, कडेला कसल्यातरी कंपनीची अर्धी अक्षरं. उमेदवाराने तो इतक्या वेळा सांगितला होता की त्याला कोपरेही फुटले होते.

“बोल,” ताई म्हणाली. मागे धुण्याचं यंत्र फिरत होतं.

“ताई, बाबा काचेवर फुंकर मारून आपलं नाव लिहायचे का?”

यंत्राने एक फेरा घेतला. “का? संपले बाबा? अजून माल हवाय?”

“तसं नाही. मला खरंच आठवत नाहीये.”

“मग त्यालाच विचार,” ताई म्हणाली. “त्याला सगळं आठवतं.” आणि तिने फोन ठेवला.

एक गोष्ट मात्र त्याने उमेदवाराला दिली नव्हती. काच कापायचं हत्यार म्हणजे दांड्याच्या टोकाला बारीक चाक. ते प्रत्येक रेघेआधी रॉकेलात बुडवावं लागतं, नाहीतर रेघ फाटते आणि काच भलतीकडे तडकते. बाबांच्या हातांना रॉकेलचा वास यायचा. साबणाने जात नसे. तापात कपाळावर ठेवलेल्या हाताला, प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या हाताला, एकदा कानशिलात बसलेल्या हातालाही. पेट्रोलपंपावर, जुन्या गोदामात, कुठेही तो वास आला की त्याला आधी भूक लागायची, कारण बाबा यायचे तेव्हा जेवण व्हायचं. हे का दिलं नाही, त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं. भाषणात वास चालत नाही, असं तो तेव्हा म्हणाला असता. खरं कारण एवढंच की मुठीत काहीतरी राहिलं होतं. आणि काच कापणाऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही जे झोपेत सांगता येईल ते या जगात फक्त काचवाल्याच्या खऱ्या मुलाला ठाऊक होतं, खोट्याला नव्हतं. इतका साधा प्रश्न. ऐकायला मऊ, आत सुरी. देशभर बघणारे लोक, समोर मंत्री, आणि मंत्र्याला बापाच्या हाताचा वास सांगता येत नाही. त्यानंतर त्याला काही सिद्ध करायची गरज नव्हती. शंका स्वतःच्या पायांनी चालत गेली असती.

दिव्यांखाली उमेदवार जाड झालेला दिसला. त्याने हात जोडले, “काय मास्तर, ओळख ठेवलीस,” म्हणाला, आणि निवेदिका हसली. पहिला भाग करांवर गेला, दुसरा रुग्णालयांवर. उमेदवार छान बोलत होता. कुठे दम घ्यायचा, कुठे बोटं जुळवायची, सगळं जिथल्या तिथे. त्याला स्वतःची तालीम समोर चालतीबोलती बघताना जुना आनंद होत होता आणि त्या आनंदाचाही राग येत होता. मग निवेदिका म्हणाली, शेवटचा प्रश्न तुमचा.

“राजकारणाचा नाही,” तो म्हणाला. “तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही नेहमी बोलता. त्यांच्या हाताला वास कसला यायचा?”

निवेदिकेने मान कलती केली. तिला प्रश्न आवडला होता. “वास,” उमेदवार म्हणाला. “कष्टाचा. कष्टाला एक वास असतो.”

“तो भाषणातला झाला. मी खऱ्या वासाचं विचारतोय. काच कापणाऱ्याच्या हाताला एक विशिष्ट वास येतोच. घरातल्या सगळ्यांना तो माहीत असतो.”

“हो, म्हणजे घामाचा. काचेचा.”

“काचेला वास नसतो,” तो म्हणाला.

उमेदवाराची नजर सुटली. ती निवेदिकेकडे गेली, पाण्याच्या पेल्याकडे गेली, परत आली. शिवणवर्गातला चेहरा होता तो, चुकीच्या पंगतीतला, इतक्या वर्षांच्या चरबीखालून जसाच्या तसा वर आलेला. “ते... त्या काळी...” उमेदवार म्हणाला. उमेदवाराच्या डोक्यापर्यंत पाणी चढताना त्याला दिसत होतं. बुड, त्याने मनात म्हटलं. माझ्या बापाच्या नावाने बुड. आणि त्याच क्षणी त्याच्या उजव्या हाताने, त्याला न विचारता, त्याचा चष्मा डोळ्यांवरून काढून टेबलावर ठेवला.

ती खूण होती. पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येक मुलाखतीला तो कॅमेऱ्याच्या मागे बसायचा, आणि उमेदवार घसरला की चष्मा काढायचा. चष्मा काढला की थांब. बोलणं सोड, खाली बघ, गप्प राहा, मग जे खरं असेल ते छोट्या वाक्यात सांग. इतकी वर्षं हा माणूस घसरला की तो हात उठत आला होता. हाताला कुणी कळवलं नव्हतं की आता आपण दुसऱ्या बाजूला आहोत. धूसर झालेल्या स्टुडिओत त्याला एवढंच दिसलं की समोरचा आकार थांबला. त्याने मान खाली घातली. गप्प राहिला. कानातल्या यंत्रात आतून कुणीतरी म्हणालं, कुणी बोलू नका, असंच राहू दे.

“मला आठवत नाही,” उमेदवार म्हणाला. “बाकी सगळं आहे. वास गेला. फार शोधतो.”

निवेदिकेने डोळ्यांच्या कडा बोटाने टिपल्या. मंत्र्याने असं म्हणणं तिने कधी ऐकलं नव्हतं. कार्यक्रम संपायच्या आधीच ते वाक्य फोनाफोनांतून पळत सुटलं होतं.

बाहेरच्या बोळात उमेदवाराने अंगरक्षकांना हाताने मागे सारलं. “चष्मा काढलास,” तो म्हणाला. “मला वाटलं, मारायलाच बसलायस.”

“बसलोच होतो.”

उमेदवार खळखळून हसला, त्याच्या दंडावर थाप मारली. “मास्तर, तू म्हणजे.” मग आवाज खाली आणला. “सांग ना. कसला यायचा?”

“कशाला हवाय?”

“उद्या सभा आहे म्हणून नाही. असाच.” तो ओशाळं हसला. “म्हणजे सभा आहेच.”

त्याच्या डोळ्यांत त्या दुपारचं पोर होतं, हे मला दे म्हणणारं. खोटं नव्हतं ते. या माणसाने उधार घेतलेल्या बापावर प्रेम केलं होतं, कदाचित खऱ्या मुलापेक्षा जास्त, निदान त्याच्यापेक्षा जास्त वेळा. रॉकेल हा शब्द त्याच्या जिभेवर आला. दिला असता तर सुटलाही असता कदाचित. पण जिभेच्या मागेच दाढ होती आणि दाढेत ते वाक्य होतं.

“लवंगेचा,” तो म्हणाला.

“लवंगेचा?”

“दाढ दुखायची त्यांची. सारखी लवंग चावायचे, बोटानं हिरडीला लावायचे. हातांना तोच वास.”

उमेदवाराने डोळे मिटले. स्वतःची बोटं नाकाशी नेली. “लवंग,” तो म्हणाला, आणि बघता बघता चेहऱ्यावर ओळख पसरली. “हो रे. लवंगच.”

बाबांचे दात शेवटपर्यंत पोलादी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमेदवाराची सभा थेट दाखवली गेली आणि त्यावर बोलायला स्टुडिओत त्यालाच बोलावलं होतं. काल एका मित्राने मला प्रश्न विचारला, उमेदवार सांगत होता. घरी गेलो, डबे धुंडाळले, आणि एका डब्याचं झाकण उघडलं तर वडील समोर उभे. त्याने बोटं नाकाशी नेली. हजारो माणसं गप्प झाली. पडद्यावर एक म्हातारा स्वतःची बोटं हुंगत होता. जाहिराती लागल्या म्हणून तो बोळात आला तेव्हा खिशातला फोन थरथरला. ताई होती, तिने स्वतःहून फोन केल्याला किती काळ लोटला ते त्याला आठवेना.

“लवंग कुठून आली?” ताईने विचारलं.

“मी दिली.”

“बाबांची दाढ कधी दुखली?”

“कधीच नाही.”

पलीकडून नाकातून सुटलेला एक श्वास आला, हसण्याच्या अगदी जवळचा. “बरं केलंस,” ताई म्हणाली. “परत आला मागायला तर दमा दे. मूळव्याध दे.” आणि मग, एकदम जुन्या, दटावणीच्या आवाजात: “रॉकेलचं मात्र कुणाजवळ बोललास तर याद राख.”

रॉकेल हा शब्द तो तिच्याजवळ कधी बोलला नव्हता. कुणाजवळच बोलला नव्हता. म्हणजे ते होतं. दोन माणसांच्या नाकांत, एकमेकांना न विचारता, ते होतं.

“ताई,” तो म्हणाला, “आणि ती फुंकर?”

“फुंकर घेऊ दे त्याला,” ताई म्हणाली. आपलं होतं ते दिलं की मुळात नव्हतंच ते सोडलं, हे त्याने विचारलं नाही. आतून हाक आली. त्याने फोन खिशात टाकला, खुर्चीत बसला, चष्मा नीट केला. लाल दिवा लागला.

“तुम्ही त्यांना जवळून ओळखता,” निवेदिका म्हणाली. “आजच्या भाषणाकडे कसं बघता?”

“मी सहसा कौतुक करत नाही,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच थंड, तटस्थ होता. “पण ती लवंग बघा. असा तपशील रचता येत नाही. तो माणसाने जगलेलाच असावा लागतो.”